हजेरी भरलेली, वर्ग रिकामा: लातूरच्या एका माइनक्राफ्ट सर्व्हरचं प्रकरण

रात्री २ वाजता सर्व्हरवर १० जण होते आणि त्यातला एकही जागा नव्हता. एवढी एक गोष्ट कळायला आम्हाला दोन महिन्यांच्या वर वेळ लागला. तोवर मेमरी दुप्पट करून झाली, अपडेट टाकून झाले, उदगीरच्या एका पोराला नको तेवढं बोलूनही झालं.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानाचा हिशेब बघतो. गेम खेळत नाही. सर्व्हर भाच्याचा, तो तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यानं आणि दोन मित्रांनी वर्गणी काढून माइनक्राफ्टचा, म्हणजे ब्लॉक फोडत-रचत खेळायच्या गेमचा, सर्व्हर उभा केला. आधी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर खटपट केली, पण घरच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नव्हता. एकाच आयपीमागे कितीतरी गिऱ्हाइकं बसवलेली असतात, त्यामुळे बाहेरून कुणाला आत येताच येईना. मग मुंबईतलं ४ जीबी मेमरीचं एक मशीन महिन्याच्या भाड्यानं घेतलं. त्यावर पेपर हे सर्व्हर सॉफ्टवेअर, आणि जोडीला गीझर आणि फ्लडगेट.

हे शेवटचे दोन नसते तर आमच्याकडे चार-पाच जणांपलीकडे कुणी आलंच नसतं. माइनक्राफ्ट दोन जातींचं आहे, कॉम्प्युटरवरचं जावा आणि मोबाइलवरचं बेडरॉक, आणि दोघांची बोली वेगळी. गीझर मध्ये बसून दुभाष्याचं काम करतो. फ्लडगेट मोबाइलवाल्याच्या नावाआधी एक टिंब लावतं. त्यामुळे यादीवर नजर टाकली की टिंबवाले किती आणि बिनटिंबाचे किती ते लगेच कळतं. आमच्यात चारातले तीन टिंबवाले. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, थोडे नांदेड-परभणीचे. निम्मे तरी शिकवणीसाठी लातुरात खोली करून राहिलेले.

तक्रार काय होती

ऑगस्टपासून ग्रुपवर एकच रड. "लई अडकूलालंय." ब्लॉक फोडला की फुटतो आणि सेकंदाभरानं पुन्हा जागेवर येऊन बसतो. चार पावलं पुढे गेलेला गडी मागे ओढला जातो. पेटी उघडायची म्हटलं की आधी देवाचं नाव घ्यायचं.

यामागचं गणित सोपं आहे. सर्व्हर सेकंदाला २० वेळा सगळं जग एक घर पुढे ढकलतो. त्या एका ढकलण्याला टिक म्हणतात. म्हणजे एका टिकच्या वाट्याला ५० मिलिसेकंद. त्यात सगळ्या गाई, कोंबड्या, पाणी, पिकं, माणसं यांचं काम उरकलं तर खेळ सुरळीत. उरकायला ९० लागले तर सेकंदाला ११च टिक होतात. खेळणाऱ्याच्या मोबाइलनं मात्र ब्लॉक फुटलेला आधीच दाखवलेला असतो. सर्व्हर उशिरानं म्हणतो, "थांब, माझ्या वहीत अजून फुटलेला नाही," आणि ब्लॉक परत येतो.

पोरांचा निष्कर्ष ठरलेला: पब्लिक वाढली, म्हणून मशीन दमतंय. आणि दुसरी भीती: अडकतंय म्हणून पब्लिक जाईल. दोन्ही एकाच तोंडानं बोलत होते. खरंच किती जण येतात, कधी येतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही दुकानातली आवक लिहिता तशी ही लिहून द्या ना."

आवक, जावक, शिल्लक

लिहून घ्यायची कल्पना मला आवडली. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये, कुणी आत आलं की एक ओळ पडते, बाहेर गेलं की दुसरी. आलेले ती आवक, गेलेले ती जावक, आत असतील ती शिल्लक. भाच्यानं दर ५ मिनिटांनी आतली यादी फाइलमध्ये उतरवणारी छोटी स्क्रिप्ट केली, म्हणजे शिल्लक प्रत्यक्ष मोजूनही मिळायला लागली. पुस्तकी शिल्लक आणि गोदामातला माल जुळतोय का बघायचं, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात जुळेना. पुस्तकात २३ शिल्लक आणि आत ९. शोधलं तर कारण साधं निघालं: सर्व्हर अचानक पडला की "गेला" ही ओळ कुणाच्याच नावावर पडत नाही. माल जळून गेला आणि जावक लिहायला कुणी उरलं नाही, असा प्रकार. सर्व्हर चालू झाल्याची ओळ दिसली की शिल्लक शून्य धरायची असा नियम केला आणि मेळ बसला.

जाण्याचं कारणही लॉगमध्ये असतं, आणि ते आम्ही आधी वाचतच नव्हतो. स्वतःहून बाहेर पडला तर "डिस्कनेक्टेड". घरची लाइट गेली, राउटर बंद पडला तर सर्व्हरला निरोप मिळतच नाही. तो ३० सेकंद वाट बघतो आणि मग "टाइम्ड आउट" लिहून नाव काढतो. मोबाइलवाल्यांचे निरोप गीझरमार्फत येतात, म्हणून गीझरची नोंद वेगळी बघावी लागते. एकदा एकाच मिनिटात सहा जण गेले. ग्रुपवर "क्रॅश, क्रॅश" सुरू झालं. सहाही जण निलंग्याचे होते. तिथली लाइट गेली होती, बाकी काही नाही.

माणसं मोजायला आयपी वापरून बघितला, तो नाद दोन दिवसांत सोडला. एका खोलीतली सहा पोरं एका वायफायवर, आणि मोबाइल डेटावाला एकच पोरगा दिवसात तीन आयपींवरून. खात्याचा क्रमांक धरणं बरं. त्यातही औशाचे भाऊ-बहीण एकाच मोबाइलवर आळीपाळीनं खेळतात, ते आमच्या वहीत आजही एकच आहेत.

१७ सप्टेंबरचा चमत्कार

१६ सप्टेंबरच्या रात्री पोरांनी पैसे वाढवून मेमरी ४ ची ८ जीबी केली. १७ ला सकाळी ११ पासून सर्व्हर भरलेला, दुपारी १९ जण, आणि कुठे अडकण्याचं नाव नाही. ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. "मेमरीचा गुण आला."

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान निजामाच्या हातून सुटलं. सकाळी झेंडावंदन झालं की पोरं मोकळी. बुधवारी भर दुपारी सर्व्हरवर गर्दी झाली ती त्यामुळे. पुण्यात शिकायला गेलेला आमचा एक खेळाडू त्या दुपारी कॉलेजातच होता. गर्दीचा उलगडा मला तेव्हाच झाला. न अडकण्याचा नाही झाला. १८ तारखेच्या संध्याकाळी पुन्हा तेच, ८ जीबी असूनही तेच. गर्दी कमी आणि अडकणं जास्त. पोरांचं "पब्लिक वाढली म्हणून" हे कारण तिथेच कोसळलं होतं, पण मेमरीचे पैसे भरलेले असल्यामुळे ते मान्य करायला कुणी तयार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आकडा एकदम खाली आला. दोन-तीन जण, कधी कुणीच नाही. कुणीतरी विचारलं, परवाच्या अपडेटमुळे लोक गेले का? औशाकडच्या एका पोरानं एवढंच लिहिलं: "सोयाबीन पाण्यात आहे." २०२५ च्या सप्टेंबरअखेरीचा पाऊस मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. ते दोन आठवडे मी आलेखातून काढून टाकले. आमच्या यार्डातली आवकसुद्धा त्या काळाची कशाशी ताडून बघता येत नाही.

चूकवही

दिवाळीच्या सुट्टीत निवांत बसलो. तोवर भाचा तक्रारी ग्रुपवरच्या गप्पांतून वेचत होता. मी त्याला लांब वही घेऊन दिली आणि चार रकाने पाडले: कुणी सांगितलं, किती वाजता, त्याच्या लगेच आधी तो काय करत होता, आणि त्या वेळी आत कोण कोण होतं. चौथा रकाना आवक-जावकीच्या फाइलवरून भरायचा. पोरांना तो बिनकामाचा वाटला. आमच्याकडे पोत्यात खडा सापडला की आधी विचारतात, त्या काट्यावर हमाल कोण होता. सवय, दुसरं काय.

अडकण्याच्या ३१ नोंदी झाल्या. २७ वेळा आत एक ठरावीक टिंबवालं नाव होतं, उदगीरचं.

झालं, चोर सापडला. तो काहीतरी चीट वापरतो असं ठरलं आणि त्याच्यावर दोन दिवस बंदी. दोन दिवस सर्व्हर लोण्यासारखा चालला. आता तर पुरावाच मिळाला. पोरगा फोनवर रडकुंडीला आला: "दादा, मी तर झोपलेलो असतो." भाच्यानं हे बहाणा म्हणून सोडून दिलं. मला मात्र ते वाक्य खटकलं, कारण २७ पैकी बऱ्याच नोंदी रात्री १२ नंतरच्या होत्या, नांदेडच्या दोघा-तिघा निशाचरांनी केलेल्या. त्या वेळी तो पोरगा खरंच झोपलेला असणार.

मग खेळतोय कोण हे मोजायचं ठरवलं. सर्व्हर प्रत्येक खात्याची एक फाइल ठेवतो. किती वेळ आत होता, किती सेंटिमीटर चालला, कुठले ब्लॉक किती फोडले, सगळं त्यात असतं. आधी आम्ही अंतर धरलं: चालणं, पोहणं, होडी, घोडा, सगळ्याची बेरीज. तर रात्री ३ वाजता दोन जण मैलोन्‌मैल पोहत होते! पोरांनी पाण्याचा छोटा गोल प्रवाह करून त्यात आपला माणूस सोडला होता, नुसता गरागरा फिरणारा. अंतर सोडून मग फोडलेले ब्लॉक धरले. रात्री ११ ते सकाळी ६, यादीत रोज दहाच्या आसपास नावं, आणि ते निशाचर सोडले तर फोडलेले ब्लॉक शून्य.

कारण असं की गेममधलं शेत किंवा लोखंडाचा कारखाना जवळ कुणीतरी आत असेल तरच चालतो. कुणी नसेल तर सर्व्हर तो भाग चालवतच नाही. म्हणून पोरं मोबाइल चार्जिंगला लावून, स्क्रीन चालू ठेवून झोपायची. दिवसाही तेच. शिकवणीत मोबाइल चालत नाही, मग तो खोलीवर, गेम चालू. आमच्या संध्याकाळच्या १८ तले १० मोबाइल खोलीवर एकटे होते आणि मालक भौतिकशास्त्राच्या वर्गात.

शिकवणीचा वर्ग

खरी गाठ स्पार्क या साधनानं उकलली. कुठलं काम किती मिलिसेकंद खातंय हे ते सांगतं आणि पेपरच्या नव्या आवृत्त्यांत ते आधीपासूनच असतं. अडकत असताना चालवलं तर बहुतेक वेळ एकाच नावावर: गावकरी. माइनक्राफ्टमधले ते लांब नाकाचे व्हिलेजर.

उदगीरच्या पोरानं आपल्या कारखान्याशेजारी लातूरची शिकवणी बांधली होती. मी भाच्याच्या स्क्रीनवर ती पहिल्यांदा पाहिली आणि हसू आवरेना. काचेचा लांबलचक हॉल, ६० गावकरी, प्रत्येकापुढे पुस्तकाचं एक स्टँड. शेजारी तसाच दुसरा हॉल, दुसरी बॅच. हॉलला लोखंडी दार, पोरं पळू नयेत म्हणून. समोर तीन मजली वसतिगृह, आत १२० खाटा. वर जायला जिना नाही, कारण बाहेरून तो दिसत नाही, मग कशाला बांधायचा?

गावकऱ्याला खाट लागते. जवळपासच्या खाटेवर तो हक्क सांगतो आणि सूर्य मावळला की तिकडे जायची वाट शोधतो. लोखंडी दार त्याला उघडता येत नाही. वाट सापडत नाही, हक्क सुटतो, तो दुसरी खाट धरतो, पुन्हा वाट शोधतो. १२० जण, रात्रभर. गेमचा दिवस २० मिनिटांचा. त्यातली साधारण १० मिनिटं गावकऱ्यांची झोपायची वेळ. म्हणजे दहा मिनिटं ठीक, दहा मिनिटं घोळ असं दिसायला हवं होतं आणि ते कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण टिक ११ वर आले की गेममधली रात्रसुद्धा तेवढीच लांबते, १० मिनिटांची १८ होते. त्यामुळे वेळ कधीच सारखी पडायची नाही.

आणि १७ सप्टेंबर? गेममध्ये ठरावीक टक्के खेळाडू खाटेवर झोपले की रात्र उडी मारून सकाळ होते. भाच्यानं तो आकडा ५० ठेवला होता. मुक्तिदिनाला १९ पैकी बहुतेक जागे होते, दहा जण सहज झोपायचे, रात्र संपायची, गावकऱ्यांना वाट शोधायला वेळच मिळायचा नाही. एरवी संध्याकाळी आत १८. झोपायला हवेत ९. खरे खेळणारे ८. आठही जण झोपले तरी एक कमी.

एक कमी! पूर्ण दोन महिने ग्रुपवर "रात्र का जात नाही रे" अशी वेगळी तक्रार येत होती आणि आम्ही ती चूकवहीत वेगळ्या पानावर, किरकोळ म्हणून लिहीत होतो.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीची दुरुस्ती

भाच्याला कारण कळल्याबरोबर त्यानं सेटिंगमधून उपाय शोधला: खेळाडू दूर असेल तर गावकऱ्यांचं डोकं चालवायचंच नाही. अडकणं तासाभरात थांबलं. दुसऱ्या दिवशी सात जणांचं लोखंड बंद. लोखंडाचा कारखाना गावकऱ्यांच्याच जिवावर चालतो आणि माणूस त्यापासून लांब उभा असतो. एक चूक बुजवून सात उघडल्या. सेटिंग मागे घेतलं.

या टप्प्यावर पोरांना सगळं एकदम बदलायचं होतं. मी अडून बसलो की आठवड्याला एकच बदल, आणि सोमवारची तुलना सोमवारशीच. मेमरीच्या वेळी आपण काय केलं ते आठवा म्हटलं. एका गोष्टीला मात्र हा नियम लावायचा नाही हेही ठरवलं: सुरक्षेची चूक. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं, तेव्हा चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाकून माइनक्राफ्टचा सर्व्हर ताब्यात घेता येत होता. ती ओळ लॉगमध्ये लिहिली जाणं हेच भोक. तसलं काही आलं तर अपडेट त्याच रात्री, मग आलेख बिघडला तरी चालेल.

पहिल्या आठवड्यात जिना. आधी भाच्यानं उदगीरच्या पोराला फोन करून माफी मागितली. माझ्यासमोर मागितली म्हणून सांगू शकतो. मग दोघांनी मिळून वसतिगृहाला जिना घातला आणि हॉलचं लोखंडी दार काढून लाकडी बसवलं. लाकडी दार गावकरी स्वतः उघडतात. दुसरी बॅच नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला हलवली. तिला पोरं नांदेड शाखा म्हणतात. आता सूर्य मावळला की ६० गावकरी ओळीनं वर्गातून निघून जिना चढतात. तो पोरगा त्यावर इतका खूश आहे की बंदीचं विसरून गेला. रात्रीचे ९० मिलिसेकंद ३५ वर आले.

दुसऱ्या आठवड्यात, १५ मिनिटं हालचाल नसेल तर बाहेर काढायचं सेटिंग. यावर भांडण झालं. रात्रीचा आकडा १० वरून २ वर, संध्याकाळचा १८ वरून ९ वर. भाच्याचा एक भागीदार हादरला. सर्व्हरच्या नावापुढे ९ दिसलं तर नवीन कोण येणार? त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, रिकाम्या खानावळीत कुणी शिरत नाही. मी त्याला ब्लॉकांचा रकाना दाखवला. फोडलेले ब्लॉक आधीच्या सोमवारपेक्षा वाढले होते. नऊच होते, पण नऊही जागे. तो गप्प बसला, पटलं असं म्हणाला नाही.

८ जीबीची पुन्हा ४ करा असं मी सुचवलं. ते अजून झालेलं नाही.

येळवस

डिसेंबरातली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात जेवायला जायचा सण. आम्ही सगळे रानात. कडब्याच्या कोपीपुढे बसून भज्जी आणि बाजरीचे उंडे झाले, आंबिलीचा दुसरा तांब्या हातात होता. सवयीनं मोबाइल काढून आकडा बघितला. ०. पाच मिनिटांनी पुन्हा ०. सुट्टीचा दिवस, दुपारी १ वाजता, शून्य! लॉग उघडला तर क्रॅश नाही, टाइम्ड आउट नाही, सगळे सकाळी ९ च्या आत स्वतःहून गेलेले. भाच्याला फोन लावला. तो आत्याच्या रानात होता, मागून पोरांचा गलका.

"अरे, सर्व्हरवर कुणीच नाही."

"मामा, तुम्ही कुठायत?"

"रानात."

"मग?"

संध्याकाळी ७ वाजता पहिलं नाव आलं. टिंबवालं, उदगीरचं.